ब्रेकच्या वाटची हवा

अमेरिकेतल्या अठरा चाकी सेमी-ट्रकवर दाबाखालची हवा कायम तयार असते. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून दाबतो, ती ड्रायरमधून जाते आणि चासीला बांधलेल्या पोलादी टाक्यांत साठते. टाकीतला दाब दर चौरस इंचाला साधारण १२० ते १३० पौंडांवर गेला की गव्हर्नर नावाचा झडपेचा तुकडा कॉम्प्रेसरला विश्रांती देतो. दाब शंभराच्या आसपास उतरला की पुन्हा कामाला लावतो. इंजिन चालू असेपर्यंत हे दिवसभर चालते. त्याच ट्रकच्या टायरांत हवा भरायची असते ती शंभर ते एकशेदहा पौंड. आकडे इतके शेजारी शेजारी असल्यावर टाकीतली हवा टायरात का भरू नये, असे कोणाच्याही मनात यावे. ती भरता येते आणि लांबच्या रस्त्यावरचे बरेच चालक भरतातही. मात्र ही हवा टायरांसाठी साठवलेली नसते. ती ब्रेकची असते आणि टायरच्या वाट्याला येते ते ब्रेकचे भागून उरलेले. या कामातल्या बहुतेक अडचणी आणि खबरदाऱ्या इथूनच निघतात.

हवेचा ब्रेक ट्रकवर आला तो रेल्वेकडून. आल्प्समधला माँ सेनीचा बोगदा खोदण्यासाठी दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रे वापरतात, हे जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या वाचनात आले आणि १८६९ साली त्याने हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्या पहिल्या रचनेत नळीतून हवा आली की ब्रेक लागत असे. म्हणजे नळी फुटली की ब्रेक गेलाच. काही वर्षांतच त्याने सगळे उलटे केले: नळीत दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेला आणि दाब गेला की लागलेला. आजच्या ट्रकचा पार्किंग ब्रेक याच विचारावर चालतो. चाकामागच्या डब्यात एक दणकट स्प्रिंग असते. हवा तिला दाबून धरते, तेव्हा चाक मोकळे फिरते. टाकीतला दाब ६० पौंडांच्या खाली उतरू लागला की चालकासमोर लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो. २० ते ४५ पौंडांच्या दरम्यान कुठेतरी स्प्रिंग सुटते आणि गाडी जागच्या जागी जखडते. उभे राहायला या गाडीला हवा लागत नाही, चालायला लागते. ट्रकवरच्या टाक्यांचे एकूण आकारमान सगळ्या ब्रेक चेंबरच्या मिळून आकारमानाच्या किमान बारा पट असावे असा अमेरिकेचा नियम आहे. हिशोबात टायर कुठेच नाहीत.

टायरांची गरज मात्र मोठी असते. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर अशा गाडीचे भरलेले वजन सर्वसाधारणपणे ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टनांपर्यंत चालते. पुढच्या आसावर १२,००० पौंड धरले, तर तिथल्या दोन टायरांपैकी प्रत्येकावर पावणेतीन टनांच्या जवळपास भार येतो. मागे दोन-दोन आसांच्या जोड्या असतात, जोडीला ३४,००० पौंड आणि जोडीखाली आठ टायर. तिथे एकेका टायरवर दोन टनांना थोडा कमी भार पडतो. हा भार रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. जुळ्या टायरांपैकी एकात हवा कमी झाली तर त्याचा वाटा निमूटपणे शेजारच्यावर जातो आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. शेजारचा ताठ असतो, त्यामुळे बसलेला टायरही बसलेला दिसत नाही.

यात थंडीची भर पडते. वायोमिंगमधून जाणाऱ्या इंटरस्टेट ८० वर हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो. वीस अंश सेल्सियसला शंभर पौंड भरलेला टायर उणे वीस अंशांत रात्रभर उभा राहिला, तर कुठेही गळती नसताना सकाळी त्यात ८४-८५ पौंडच भरतात. हे गणित वायूच्या साध्या नियमाचे आहे, त्यात टायरचा दोष नाही. ट्रक निघण्यापूर्वी चालकाने गाडी तपासायची असते. त्या वेळी लाकडी दंडुक्याने टायर ठोकून पाहण्याची जुनी सवय अजून टिकून आहे. पण कानाला पार बसलेला टायर कळतो. पंच्याऐंशी पौंडांचा आणि एकशेपाचाचा टायर जवळपास सारखाच वाजतो. गेज लावल्यावाचून खरे कळत नाही. आणि गेजने कमी दाखवले, सर्व्हिसची गाडी बोलवायची तर ती केव्हा येईल याचा भरवसा नाही आणि बिल मात्र नक्की, अशा वेळी टाकीतल्या हवेची आठवण होते.

ही हवा बाहेर काढायची सर्वांत सोपी जागा म्हणजे ट्रॅक्टरकडून, म्हणजे ओढणाऱ्या पुढच्या गाडीकडून, ट्रेलरकडे जाणारी लाल नळी. केबिनमागे दोन गुंडाळ्यांच्या नळ्या लोंबत असतात, एक लाल आणि एक निळी. त्यांच्या टोकांना ग्लॅडहँड नावाचे धातूचे चपटे कप्लिंग असते, दोन तळवे एकमेकांत अडकावेत तसे वळवून बसणारे. निळ्या नळीत हवा येते ती ब्रेकचे पेडल किंवा हाताचा व्हॉल्व्ह दाबला तरच. लाल नळीत ती सतत असते, कारण ट्रेलरची टाकी तिच्यातूनच भरते. टायर भरण्याच्या नळीच्या एका टोकाला ग्लॅडहँड आणि दुसऱ्या टोकाला टायरच्या व्हॉल्व्हवर अडकणारा चक असतो. मध्ये गेज असला तर उत्तम.

गाडी सपाट जागी उभी करून केबिनमधली पिवळी आणि लाल अशी दोन्ही बटणे बाहेर ओढली, की ट्रॅक्टरचा पार्किंग ब्रेक लागतो आणि ट्रेलरची हवाही तुटते. चाकांना ठोकळे लावायचे, इंजिन चालू ठेवायचे. मग लाल ग्लॅडहँड ट्रेलरवरून सोडवून तिथे टायरची नळी जोडायची. जोडण्यापूर्वी ग्लॅडहँडच्या तोंडातला रबरी वायसर बोटाने चाचपून पाहणे शहाणपणाचे. तो चिरलेला असला किंवा त्यात खडा अडकला असला, तर हवा टायरपर्यंत जाण्याआधीच फुसफुसून निघून जाते. चक बंद आहे याची खात्री करून केबिनमधले लाल बटण तेवढे आत दाबायचे, पिवळे बाहेरच. नळी क्षणभर ताठ होते, वळवळते आणि स्थिर होते. चक उघडा राहिला असेल तर नळीत दाब चढत नाही आणि लाल बटण पुन्हा टपकन बाहेर येते. ट्रेलर रस्त्यात सुटून नळ्या तुटल्या तर ट्रॅक्टरची सगळी हवा वाया जाऊ नये म्हणून ही तजवीज केलेली असते. टायर भरताना नळी निसटली किंवा फाटली, तर तीच उपयोगी पडते. ट्रेलर मात्र या सगळ्या वेळात हवेवाचून असतो, म्हणजे त्याची चाके जखडलेली असतात. टायर भरण्यासाठी ट्रेलर हलू नये हे हवेच असते.

अडचण येते ती लांबीची. अमेरिकेतला नेहमीचा ट्रेलर ५३ फूट लांब असतो. ग्लॅडहँड त्याच्या पुढच्या अंगाला आणि शेवटची चाके पार मागे, त्यामुळे पंचवीस फुटी नळी ट्रॅक्टरपुरतीच पुरते. पन्नास फुटी नळी घेतली तरी ती गाडीखालून सरळ न्यावी लागते. नळी जितकी लांब आणि बारीक, तितकी हवा सावकाश पोचते. जुळ्या टायरांतला आतला टायर हे आणखी एक दुखणे. त्याचा व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकाच्या भोकातून दिसतो, पण साध्या चकचे तोंड त्यावर सरळ बसत नाही. त्यासाठी दोन दिशांना तोंडे असलेला लांब दांड्याचा चक लागतो. तो नसेल तर आतला टायर ‘नंतर बघू’ म्हणून राहतो. अशा राहिलेल्या टायरानेच पुढे शेजारच्याचाही जीव घेतलेला असतो.

हवा वाहते ती जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, बस्स. टाकीत १२५ पौंड आणि टायरात ८५ असताना ती जोरात जाते. टायर शंभराकडे येऊ लागला की टाकीही उतरलेली असते, दोघांमधला फरक घटतो आणि प्रवाह मंदावतो. गव्हर्नर कॉम्प्रेसर पुन्हा सुरू करतो तो टाकी शंभराच्या जवळ आल्यावर. नेमक्या त्या वेळी चक तसाच अडकवलेला असला आणि नळीत उलट प्रवाह अडवणारी झडप नसली, तर १०५ पौंडांवर पोचलेल्या टायरातली हवा टाकीकडे परतू लागते. म्हणून सुई कुठे आहे ते पाहून काम करावे लागते: टाकी चढत असताना भरायचे, वरच्या टोकाला आली की चक काढायचा. डॅशबोर्डवरचा काटा टाकीचा दाब दाखवतो, टायरचा नव्हे. टायरचा दाब चक सोडवून, वेगळ्या गेजनेच पाहायचा. पुढच्या टायरांना एकशेदहाच्या वर हवा हवी असेल आणि गव्हर्नर १२० लाच थांबत असेल, तर शेवटचे चार-पाच पौंड घालण्यात चांगला वेळ जातो.

वेळेचा अंदाज थोड्या हिशोबाने येतो. या गाड्यांच्या टायरात साधारण १४० लिटर जागा असते. त्यात ८४ वरून १०० पौंडांवर जायचे तर बाहेरच्या साध्या दाबाची सुमारे दीडशे लिटर हवा कोंबावी लागते. टाक्या मिळून शंभर लिटरच्या धरल्या आणि कॉम्प्रेसर थांबलेला मानला, तर एवढ्याने टाकीचा दाब वीस-बावीस पौंडांनी खाली येतो. बेंडिक्सचा टू-फ्लो ५५० हा अमेरिकी ट्रकांवर वर्षानुवर्षे दिसणारा कॉम्प्रेसर मिनिटाला १२५० फेऱ्यांवर सुमारे १३ घनफूट हवा ओढतो. इंजिन नुसते गुरगुरत असले की फेऱ्या निम्म्यावर येतात. दाब चढल्यावर प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून कमी. एका टायरला थोडी हवा द्यायला दोन-तीन मिनिटे लागली तर नवल नाही, आणि पार रिकामा टायर भरायचा तर सहा-सात पट हवा लागते. अठराही टायर याच मार्गाने भरत बसणे म्हणजे कॉम्प्रेसरला सतत भाराखाली राबवणे. तो तापतो, त्याच्यातून तेलाची वाफ हवेबरोबर पुढे जाऊ लागते आणि ड्रायरमधले पाणी शोषणारे दाणे तेलाने बरबटतात. चालकाचा वाचलेला पैसा वर्कशॉपमध्ये जातो. ही सोय कमी पडलेली हवा पुरी करण्यापुरती आहे, गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या जागी बसवायची नव्हे.

पाण्याचा मुद्दा याला लागूनच येतो. हवा दाबली की तापते, गार झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. ड्रायरनंतरच्या पहिल्या टाकीला चालक ‘वेट टँक’ म्हणतात आणि तिच्या तळाच्या कॉकमधून अधूनमधून पाणी सोडावे लागते. काही जण सोय म्हणून याच टाकीच्या कॉकजागी एक फिटिंग बसवून तिथून टायर भरतात. ड्रायर धड असेल तर बिघडत नाही. तो थकलेला असेल, तर टाकीतला तेलकट गढूळ द्रव चकच्या तोंडून टायरात जातो. रिमला गंज चढतो आणि थंडीत व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरते, मग तो नीट मिटत नाही. ब्रेकच्या टाक्यांवर मनाने भोके पाडून फिटिंग जोडणे तर करूच नये. जोडायचेच असेल, तर टाकीचा दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेल्यावर आपोआप मिटणारा प्रोटेक्शन व्हॉल्व्ह मध्ये असावा लागतो.

खरा धोका हवेच्या उगमापाशी नाही, टायरपाशी आहे. पोलादी तारांच्या रेडियल टायरची बाजूची भिंत कमी हवेवर धावताना दर फेरीला प्रमाणाबाहेर वाकते. तारा वाकून वाकून थकतात आणि एकेक तुटत जातात. बाहेरून रबर शाबूत दिसते. अशा टायरात पुन्हा हवा भरली, की उरलेल्या तारांवर सगळा ताण येतो आणि भिंत एका रेषेत फाटत जाते. टायरवाले तिला ‘झिपर’ म्हणतात. शंभर पौंडांची हवा एका झटक्यात बाहेर पडते तेव्हा समोर उभा असलेला माणूस वाचेलच असे नाही. म्हणून अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांनी एक रेघ ओढली आहे: शिफारस केलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर धावलेला टायर गाडीवर असताना भरायचा नाही. व्हॉल्व्हची सुई काढून तो पूर्ण रिकामा करायचा, उतरवायचा, आतून-बाहेरून तपासायचा आणि मग लोखंडी पिंजऱ्यात ठेवून भरायचा. त्याहून जास्त हवा असेल तर गाडीवर भरायला हरकत नाही, पण चक अडकवून दूर उभे राहता येईल एवढी नळी हवी आणि भिंतीच्या समोर कोणी असता कामा नये. शंभर पौंडांच्या टायरसाठी ही रेघ ऐंशीवर येते. वायोमिंगच्या थंडीतला ८४ पौंडांचा टायर तिच्या जेमतेम वर बसतो; सत्तर दाखवणाऱ्या टायरापाशी ट्रकची नळी घेऊन जाण्यात अर्थ नाही. चालकाने हा नियम नोकरदार कामगारासाठी आहे म्हणून सोडून देऊ नये, तारा कोण कामगार आणि कोण मालक हे पाहत नाहीत. भरताना भिंतीतून तडतड ऐकू आली किंवा फुगवटा दिसला तर जवळ जाऊन चक काढण्याचाही मोह टाळावा.

रिमवरून सुटलेला ट्यूबलेस टायर बसवणे हे तर ट्रकच्या नळीचे कामच नाही. तिथे एकदम मोठा झोत लागतो. बारीक नळीतून येणारी हवा टायर आणि रिममधल्या फटीतून निसटत राहते.

भारतातल्या ट्रकांवर ग्लॅडहँडची ही उठाठेव फारशी करावी लागत नाही. एकसंध ट्रकला ट्रेलरच नसतो, आणि हवेच्या ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसरनंतरच्या अनलोडर व्हॉल्व्हवरच टायर भरण्यासाठी एक तोंड दिलेले असते. एरवी त्यावर टोपी असते. टोपी काढून नळीचे नट आवळले की आतली पिन दाबली जाते, टाक्यांकडची वाट मिटते आणि कॉम्प्रेसरची हवा सरळ नळीत येते. इथे ब्रेकच्या साठ्याला हातच लागत नाही, ही रचना ग्लॅडहँडपेक्षा शहाणी म्हणायला हवी. अट एकच: टाकी भरून अनलोडर हवा बाहेर सोडत असेल तर या तोंडातून काही येत नाही. आधी ब्रेकचे पेडल चार-सहा वेळा मारून टाकीचा दाब उतरवावा लागतो. मग टायर भरून झाल्यावर टाकी पुन्हा पूर्ण चढेपर्यंत थांबणे आलेच. कसारा घाटाच्या माथ्यावर टायर भरून काटा चढायच्या आधीच उतार धरणारा ड्रायव्हर ब्रेक अर्ध्या पगारावर ठेवतो. तरीही मुंबई-आग्रा महामार्गावर या तोंडाची टोपी वर्षानुवर्षे निघत नसेल तर त्याचे कारण उघड आहे. रस्त्याकडेला टायर टांगलेले पंक्चरचे दुकान फार दूर नसते, तिथला कॉम्प्रेसर मोठा असतो आणि स्टेपनी बदलायला टॉमी, जॅक आणि जोडीला दोन हातही मिळतात. शिवाय ट्यूब, फ्लॅप आणि लॉक रिंगवाली जुनी चाके अजून पुष्कळ आहेत. रिंग खाचेत नीट बसली नसेल तर भरताना ती उसळते. पंक्चरवाला म्हणूनच तिच्यावर साखळी टाकतो किंवा ती बाजू जमिनीकडे करतो.

टायरला गाडीचीच हवा द्यायची, तर माणसाने खाली उतरून नळी ओढावीच कशाला, हा प्रश्न सैन्याने आधी सोडवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बनवलेली डक ही पाण्यात आणि जमिनीवर चालणारी गाडी किनाऱ्यावर येताना टायरांतली हवा कमी करायची म्हणजे वाळूत रुतत नसे, आणि पक्क्या रस्त्यावर ती पुन्हा वाढवायची. हे सारे चालकाला आपल्या जागेवरून करता येई. १९५८ पासून बनलेल्या सोव्हिएत झिल-१५७ ट्रकवरही अशीच सोय होती. आजच्या अमेरिकी ट्रेलरांवर बसवतात ती यंत्रणा यापेक्षा साधी असते, ती हवा फक्त भरते. ट्रेलरच्या टाकीतून निघालेली हवा रेग्युलेटरमधून पोकळ आसात शिरते, आसाच्या टोकाला हबच्या झाकणात फिरता जोड असतो आणि तिथून बारीक नळ्या टायरांच्या व्हॉल्व्हपर्यंत जातात. टायरचा दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की हवा वाहू लागते आणि ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यावरचा एक दिवा लागतो, तो चालकाला आरशात दिसतो. थोडा वेळ लागून विझला तर किरकोळ भर घातली गेली असे समजायचे. लागून राहिला तर टायरात खिळा आहे किंवा कुठली तरी नळी निसटली आहे आणि यंत्रणा गळतीच्या मागे धावते आहे. ते धावणेही मर्यादेतच असते: टाकीतला दाब ब्रेकला धोका पोचेल इतका उतरण्याच्या बराच आधी सुरुवातीचा प्रोटेक्शन व्हॉल्व्ह मिटतो, टायरांची वाट बंद होते आणि उरलेली हवा ब्रेककडे राहते. त्यानंतर चालकाने गाडी बाजूला घेऊन कोणता टायर बसतो आहे ते उतरून पाहायचे.